नदीच्या वरच्या अंगाला : वेल्हे तालुक्याच्या परिचयग्रंथाची प्रस्तावना

शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या बाजूला उतरत जाणाऱ्या ज्या गल्लीत माझे बालपण गेले, त्या गल्लीतील आमच्या वाड्यात माडीवर जाणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर, वरून तिसऱ्या पायरीच्या किंचित वर, एक आडवी तांबूस रेघ कित्येक वर्षे होती. घराला दर दिवाळीस चुना लागे, परंतु ती रेघ तेवढी आजोबा कोणास पुसू देत नसत. १२ जुलै १९६१ या दिवशी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे दुपारी खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही, आणि नारायण, शनिवार, कसबा या नदीकाठच्या पेठांत जे पाणी शिरले, त्याने आमच्या वाड्यात गाठलेली ती शेवटची पायरी होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आदल्या रात्रीपासून पावसाची रिपरिप चालू होती, शाळा लवकर सुटली होती, आणि "धरण फुटले" हे दोन शब्द तोंडातोंडी धावत असतानाही आमच्या आजीने देव्हाऱ्यातील देव पदरात बांधून घेतल्यावाचून उंबरठा ओलांडला नाही. आम्ही शुक्रवार पेठेत मामांकडे जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा वाडा उभा होता, पण चौकात, माजघरात, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात, धान्याच्या कणगीत, जिकडे तिकडे मांडीएवढा गाळ साचला होता.

त्या गाळाचा रंग मला अजून आठवतो. मुठेच्या काठची माती आम्ही पोरांनी रोज पाहिलेली. ती काळसर, भुरकट, गणपतीच्या मूर्तीला चालणारी. ही माती तांबडी होती, तिच्यात मुरमाचे खडे होते, सागाची आणि आम्हास अनोळखी अशा झाडांची कुजलेली पाने होती, भाताची मुळासकट उपटली गेलेली कोवळी रोपे होती. घमेल्यांनी गाळ उपसत असताना आजोबांनी त्यातील एक रोप उचलून हौदाच्या कडेवर ठेवले आणि म्हणाले, "ही कुणाची तरी दाढ आहे." दाढ म्हणजे काय, हे आम्हास ठाऊक नव्हते. आवणीसाठी वाफ्यात वाढविलेल्या भाताच्या रोपांना वरच्या मावळात दाढ म्हणतात, हे मी पुढे आठ-नऊ वर्षांनी, पानशेतच्या वरच्या अंगाला एका बांधावर उभा राहून शिकलो. आणि ज्या खोऱ्याचे पाणी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पीत आलो, ज्या खोऱ्याची माती आमच्या माजघरापर्यंत आली, त्या खोऱ्यातील एका गावाचेही नाव आपणास धड ठाऊक नाही, या जाणिवेने मनास जो चटका बसला, त्यातूनच प्रस्तुत ग्रंथाचा उद्योग आरंभिला गेला.

पेठेतील माणसाची नदी लकडी पुलापासून सुरू होते आणि संगमावर संपते. खडकवासल्यापलीकडे ती कोठून येते, कोणकोणत्या ओढ्यांनी भरते, तिच्या दोन्ही तीरांस कोण राहते, या प्रश्नांशी त्याचा संबंध येतो तो वर्षातून एखाद्या वेळी, वर्तमानपत्रात धरणसाठ्याचे आकडे छापून येतात तेव्हा. आणि किल्ल्यांवर जाणारा माणूसही, मग तो इतिहासाचा कितीही भोक्ता असो, गाडीतून पायथ्याला उतरतो, गड चढतो, तटावरून चहूकडे पाहतो आणि उतरतो. तटावरून जे दिसते तेही एका प्रदेशाचे जिवंत अंग आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानी येतेच असे नाही. या ग्रंथात गडांचे वर्णन विस्ताराने आहे, ते असणे अवश्यच होते. परंतु गड हे त्या भूमीचे मस्तक मानले तर तिचे हात-पाय, म्हणजे खोरी, वाड्या, घाटवाटा, देवराया आणि खाचरे, यांनाही तितकीच जागा मिळावी, असा माझा प्रथमपासून आग्रह राहिला आहे.

वेल्हे हा पुणे जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यातील तालुका. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास भरली, म्हणजे पुण्याच्या एखाद्या मध्यम उपनगराइतकीही नव्हे. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे निघालेला एक डोंगरदांडा या तालुक्याच्या मधून जातो आणि त्याच्या दक्षिणेस तोरणा आणि राजगड हे दोन दुर्ग उभे आहेत. या दांड्याच्या उत्तरेस पडणारे पाणी आंबी आणि मोसे या नद्यांतून मुठेस मिळते व पुण्यातून वाहत जाते. दक्षिणेस पडणारे पाणी कानंदी आणि गुंजवणीतून नीरेस जाते. आणि पश्चिमेच्या कड्यावरून जे कोसळते ते सावित्रीच्या खोऱ्यातून अरबी समुद्र गाठते. एकाच सरीचे दोन थेंब या दांड्याच्या माथ्यावर पडून एक मुठेकडे आणि एक नीरेकडे वळला, तर त्यांची पुनर्भेट होते ती थेट नीरा-नरसिंगपूरला, भीमा आणि नीरा यांच्या संगमावर. दोघांनीही तोवर निम्मा पुणे जिल्हा आपापल्या वाटेने पाहिलेला असतो. एवढ्याशा भूमीकडून इतके विस्तीर्ण पठार पाणी घेते, ही गोष्ट नकाशावर बोट फिरवून पाहिल्याखेरीज खरी वाटत नाही.

या भूमीस पूर्वी तालुका म्हणत नसत. तिची वाटणी खोऱ्यांनी आणि मावळांनी होत असे. गुंजणमावळ, कानदखोरे, मोसेखोरे ही नावे सतराव्या शतकातील कागदपत्रांत पदोपदी येतात. प्रत्येक खोऱ्याचा एक देशमुख. गुंजणमावळात शिळीमकर, कानदखोऱ्यात मरळ, मोसेखोऱ्यात पासलकर. देशमुख म्हणजे केवळ वसूल गोळा करणारा हुद्देदार, अशी जी समजूत शालेय पुस्तकांनी रूढ केली आहे ती अपुरी आहे. डोंगरात वस्ती टिकविणे, ओस पडलेले गाव कौल देऊन पुन्हा वसविणे, जंगल तोडून नव्याने जमीन लागवडीस आणणाऱ्या कुणब्यास काही वर्षे सारा माफ करणे, दोन गावांतील शिवेचा तंटा गोतसभेपुढे आणून त्याचा महजर, म्हणजे निवाडपत्र, करणे, वाघ-लांडग्यांचा आणि चोरट्यांचा बंदोबस्त ठेवणे, ही सर्व कामे त्याच्या वतनाशी निगडित होती. आणि सुलतान बदलला, सुभेदार बदलला, ठाणेदार पळाला, तरी देशमुख आणि त्याचे वतन जागच्या जागी राही. शहाजीराजांच्या जहागिरीची व्यवस्था पाहण्यास जिजाबाईंसह बाल शिवाजीराजे पुण्यात आले, तेव्हा त्यांच्यापुढे हे देशमुखांचे जग होते: आपापसांत भांडणारे, वतनासाठी रक्त सांडणारे, पण आपल्या खोऱ्याच्या प्रत्येक वाटेची आणि प्रत्येक माणसाची खडान्‌खडा माहिती असलेले. मोसेखोऱ्याचे बाजी पासलकर हे त्यांपैकी राजांच्या बाजूस प्रथम येऊन उभे राहिलेल्यांत गणले जातात. फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी झालेल्या झुंजीत त्यांनी देह ठेवला. ज्या खोऱ्याचे ते देशमुख, त्या खोऱ्यात आज वरसगाव धरणाचा जलाशय पसरला आहे, आणि त्या जलाशयास त्यांचेच नाव दिलेले आहे.

तोरणा शिवाजीमहाराजांनी घेतला तेव्हा त्यांचे वय सोळा-सतरा वर्षांचे होते. हा गड उंचीने १४०० मीटरांच्या घरात, पुणे जिल्ह्यातील गडांत सर्वांत उंच, आणि त्याचा घेर पाहता त्याला दिलेले प्रचंडगड हे नाव अतिशयोक्तीचे नाही. एका अंगाला झुंजार माची, दुसऱ्या अंगाला बुधला माची, मधे मेंगाईचे देऊळ. आणि प्रवेशद्वारापासून बुधल्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यावयाचे तर सबंध दिवस खर्ची पडतो. गडाची डागडुजी चालू असताना तेथे धन सापडले आणि त्यातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर नवा गड उभारला गेला, असे परंपरेने सांगितले जाते. या हकिगतीचा उल्लेख करताना आमचे बहुतेक लेखक धनाच्या हंड्यांपाशी रेंगाळतात. माझे मन तिच्या दुसऱ्या भागाकडे जाते. सापडलेले द्रव्य ऐषारामात न घालविता, आणि हाती असलेल्या अभेद्य गडावर समाधान न मानता, कोवळ्या वयातील तो पुरुष समोरच्या डोंगराकडे पाहतो आणि तेथे एका राजधानीची कल्पना करतो, यात त्याच्या पुढील साऱ्या चरित्राचे बीज आहे.

ती राजधानी म्हणजे राजगड. सुमारे पाव शतक हा गड स्वराज्याचे केंद्र होता, म्हणजे काळाच्या हिशेबाने रायगडाहूनही अधिक. आणि तरी लोकमानसात रायगडाचे सिंहासन जितके ठसले आहे तितका राजगड ठसलेला नाही. अफजलखानाच्या भेटीची मसलत, शाइस्ताखानावरील छाप्याची योजना, पहिली सुरतेची स्वारी, पुरंदरचा तह आणि आग्र्याचे प्रयाण हे सर्व प्रसंग राजगडाच्या काळातील आहेत. सईबाईंनी ५ सप्टेंबर १६५९ रोजी येथेच डोळे मिटले. राजाराममहाराजांचा जन्म २४ फेब्रुवारी १६७० चा, तोही येथलाच. आणि आग्र्याच्या कैदेतून निसटून १६६६ साली महाराज ज्या गडाच्या पायऱ्या चढले, त्या याच गडाच्या. घरातील माणसाचे दुःख, घरातील माणसाचा जन्म आणि घरी परत येणे, या तिन्ही गोष्टी ज्या वास्तूने पाहिल्या तिला राजधानीपेक्षा घर म्हणणेच मला अधिक योग्य वाटते.

गडाची रचना समजून घ्यावयाची तर नकाशापेक्षा पायांवर भिस्त ठेवावी. मधोमध बालेकिल्ला, आणि त्याच्या तीन दिशांस पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, एखाद्या पक्ष्याने पंख आणि शेपूट पसरावी तशा. पाली दरवाज्याने वर आलेला मनुष्य पद्मावती माचीवर तळ्याकाठी आणि देवळाच्या आश्रयाने विसावतो, सुवेळेवर जाऊन नेढे, म्हणजे खडकातील आरपार भोक, पाहतो, आणि बहुधा संजीवनीकडे पाठ फिरवून उतरतो, कारण ती लांब आहे. माझी वाचकास कळकळीची विनंती आहे की, वेळ थोडा असेल तर बाकीचे सर्व सोडावे, पण संजीवनी सोडू नये. अडीच किलोमीटरांच्या आसपास लांबीची ही माची टप्प्याटप्प्याने उतरत जाते, आणि तिच्या बऱ्याच भागास तट एकेरी नसून दुहेरी आहे: बाहेरची भिंत आणि आतली भिंत यांच्यामध्ये माणूस जेमतेम चालेल एवढी खोल चिंचोळी गल्ली. बुरुजांच्या आतून जिना त्या गल्लीत उतरतो. मी पहिल्यांदा तेथे उतरलो तो मे महिन्यातील ऐन दुपारी. वर ऊन रणरणत होते, खाली गल्लीत ओलसर गारवा होता. हात दोन्ही भिंतींना टेकत होते. दगडांच्या सांध्यात चुन्याचा लवलेश दिसत नसलेल्या जागी बोटाचे नखही शिरत नव्हते. बाहेरचा बुरूज तोफेने वा सुरुंगाने ढासळला तरी शत्रू ज्या जागेत येऊन पडेल ती ही अरुंद खंदकासारखी वाट, आणि तिच्यावर आतील तटावरून मारा. कोण्या गवंड्याने, कोण्या पाथरवटाने हे काम केले त्यांची नावे इतिहासात नाहीत. परंतु ते इथल्याच डोंगरात, इथल्याच काळ्या दगडाशी बोलणारे लोक असणार, याविषयी त्या गल्लीत उभे राहिल्यावर मनात शंका राहत नाही.

संजीवनीच्या टोकाशी अळू दरवाज्यातून बाहेर पडून डोंगराच्या धारेने चालत गेले असता मनुष्य तोरण्याच्या बुधला माचीवर चढतो. अनेक तरुण ही वाट एका दिवसात तुडवितात आणि तिचा अभिमान बाळगतात, तो योग्यच आहे. वाटेत मात्र दोन्ही बाजूंस खाली जी गावे दिसतात त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १६६५ च्या वसंतात मिर्झाराजे जयसिंग पुरंदरास वेढा देऊन बसले होते, तेव्हा त्यांनी दाऊदखान कुरेशी यास निराळी फौज देऊन राजगड आणि सिंहगड यांच्या परिसरातील गावे उद्ध्वस्त करण्यास पाठविले. गडांस या फौजेने हात लावला नाही. लावणे शक्यही नव्हते. जळाली ती गावे, लुटली गेली ती गुरे, पकडली गेली ती माणसे. जून महिन्यात तह झाला, त्यात तेवीस किल्ले मोगलांस गेले आणि राजगड व तोरणा यांसह बारा किल्ले महाराजांकडे राहिले. ते राहिले याचा आनंद आपण करतो. त्यांची किंमत पायथ्याच्या कुणब्याने आपल्या घराच्या राखेतून चुकविली होती, हे त्या आनंदात विसरले जाऊ नये.

चाळीस वर्षांनी पुन्हा तेच झाले. औरंगजेबाने १७०३ चा पावसाळा पुण्यात काढला आणि पावसाळा संपताच तो वृद्ध बादशहा आपला अवाढव्य लवाजमा घेऊन राजगडाकडे निघाला. हत्ती, उंट, तोफा आणि बाजारबुणगे यांच्यासह घाटवाटा चढताना त्या फौजेचे जे हाल झाले त्यांची वर्णने मोगल दरबारच्याच लेखकांनी केलेली आहेत. १७०४ च्या फेब्रुवारीत राजगड पडला आणि त्याचे नबीशाहगड झाले. मार्चमध्ये तोरणा पडला आणि त्यास फुतूहुल्गैब म्हणजे दैवी विजय असे नाव मिळाले. तोरणा त्याने लाच देऊन नव्हे, लढून घेतला, याचे मोगलांस मोठे अप्रूप होते. पण ही नावे कागदावरच राहिली. थोड्याच काळात दोन्ही गड मराठ्यांच्या हाती परत आले, आणि शंकराजी नारायण सचिव यांच्या घराण्याकडे, म्हणजे पुढील भोर संस्थानाकडे, या मुलखाचा मोठा भाग आला. भोर संस्थानाच्या पाच तालुक्यांपैकी एकास राजगड आणि दुसऱ्यास प्रचंडगड असे नाव होते. पेशवाई आली, शनिवारवाडा उभा राहिला आणि पडला, इंग्रजी अंमल आला. या डोंगरांत मात्र पंतसचिवांचा कारभार १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत चालू राहिला. त्यानंतर वेल्हे हा महाल, आणि पुढे तालुका झाला. २०२४ साली तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय शासनाने घेतला. संस्थानी काळी एका तालुक्यास असलेले नाव अशा रीतीने परत आले, याबद्दल कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. तथापि तालुक्याची कचेरी ज्या वेल्हे गावात आहे ते गाव तोरण्याच्या पायथ्याशी आहे, लोकांच्या तोंडी वेल्हे हेच नाव आहे, आणि या ग्रंथाची बहुतेक प्रकरणे निर्णयापूर्वीच लिहून झाली होती. म्हणून आम्ही जुने नाव कायम ठेवले आहे.

आता धरणांविषयी. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले, तेव्हापासून पुणे शहर या डोंगरांच्या पाण्यावर अवलंबून आहे. पानशेतच्या धरणाचे काम १९५७ साली हाती घेण्यात आले आणि १९६१ च्या पावसाळ्यात, काम पुरते सिद्ध होण्यापूर्वीच, त्यात पाणी साठले. पुढे जे झाले ते पुणेकरास सांगावयास नको. त्या पुराच्या कथा पेठेत घरोघरी आहेत. विस्थापितांसाठी लोकमान्यनगर, सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या, पेठांचे रूप पालटले, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. आमच्या जिन्यावरील ती रेघही वाडा पाडला गेला तेव्हा गेली. पण धरण बांधण्यासाठी आधी कोणी तरी आपले घर सोडले होते, ही गोष्ट पेठेतील कथांत येत नाही. आंबी खोऱ्यातील गावे जलाशयाखाली गेली. मोसे खोऱ्यातीलही पुढे गेली. त्यांतील कुटुंबे दौंडसारख्या पूर्वेकडील तालुक्यांत, जेथे भात पिकत नाही आणि डोंगर दिसत नाही अशा सपाट मुलखात, वसविण्यात आली. आमचे घर एका दिवसापुरते बुडाले आणि त्याची आठवण आम्ही भिंतीवर जपली. त्यांचे घर कायमचे बुडाले. या दोन बुडण्यांमधील अंतर ध्यानी येण्यास मला अर्धे आयुष्य लागले.

प्रवाशाने पाहण्याजोग्या स्थळांचा तपशील पुढील प्रकरणांत यथाक्रम आहेच. येथे मी माझ्या आवडीच्या दोन-तीन जागांचाच निर्देश करतो. पुणे-सातारा रस्त्याने नसरापूरपाशी वळून, बनेश्वराचे दर्शन घेऊन, मार्गासनी आणि विंझर ही गावे मागे टाकीत वेल्ह्यास यावे, आणि तेथून केळदकडे जावे. केळदपाशी पठार एकाएकी संपते आणि मढे घाटाची वाट कोकणात उतरते. सिंहगड घेताना तानाजी मालुसरे पडले, त्यांचा देह याच वाटेने उमरठ्यास नेला, म्हणून घाटास हे नाव, असे लोक सांगतात. पावसाळ्यात येथील धबधब्यावर सुट्टीच्या दिवशी इतकी गर्दी होते की, वाट मिळणे कठीण. ती गर्दी आणि तिच्यामागे राहणारा कचरा पाहून मन विषण्ण होते. ज्या वाटेला एका वीराच्या अंत्ययात्रेचे नाव आहे, तिच्यावरून चालताना आवाज थोडा खाली आणावा, एवढी अपेक्षा गैर नसावी. शक्य असेल त्याने पावसाळा ओसरल्यावर, आश्विनात, सकाळी लवकर जावे. त्या वेळी खालच्या कोकणात धुके असते आणि कड्यावर आपण व गुराखी यांखेरीज कोणी नसते.

दुसरी जागा मोहरीची. सिंगापूर आणि मोहरी ही गावे तालुक्याच्या अगदी पश्चिम टोकास, आणि मोहरीपलीकडे रायलिंगाचे पठार. त्याच्या कडेशी जाऊन उभे राहावे तर समोर, मधे दरी ठेवून, लिंगाण्याचा सुळका सरळ आकाशात गेलेला, आणि त्याच्या मागे रायगड. येथे मी एकदा संध्याकाळी पोहोचलो असता कड्यावर गुरे वळणारा एक म्हातारा बाबा भेटला. रायगडाकडे बोट करून मी काही इतिहास सांगू लागलो, तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "त्यो दिसतुया तवर पाऊस न्हाई. दिसंनासा झाला की गुरं घराकडं वळवायची." त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या रायगडाकडे पाहिले होते, आणि असे पाहिले होते.

खेड्यात मुक्काम करावा. आता पुष्कळ ठिकाणी घरगुती जेवणाची आणि राहण्याची सोय होते, आणि त्याचा पैसा थेट त्या घरात जातो. जुन्या घरांच्या भिंती कारवीच्या: कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी बांधून केलेला कूड, त्यावर शेणमातीचा लेप. उन्हाळ्यात त्यातून वारा झिरपतो. पावसाळ्यात चुलीचा धूर त्यातूनच वाट काढतो आणि वरच्या वाशांना काळी चकाकी आणतो, ज्यामुळे वाशांना कीड लागत नाही. आवणीच्या दिवसांत, म्हणजे आषाढात, खाचरात गुडघाभर चिखलात वाकून बायका दाढेचे चूड लावत असतात. पाठीवर पूर्वी पानांची इरली असत, आता प्लास्टिकची खोळ असते. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचा अंगठा दोन बोटांसह रोप चिखलात दाबतो आणि क्षणार्धात पुढच्या रोपाकडे जातो. तासाभराने मागे वळून पाहिले तर तांबड्या पाण्यावर हिरव्या रेघा आखल्यासारख्या दिसतात. मी एकदा हौसेने खाचरात उतरलो. माझी रोपे दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगत होती, आणि त्या घरच्या मावशींनी ती न बोलता पुन्हा लावली. या श्रमावर पोट भरत नाही म्हणून प्रत्येक वाडीतील मुलगे मुंबईस आणि पुण्यास गेले आहेत, आणि गावात म्हातारी माणसे व गौरी-गणपतीची वाट पाहणारी घरे उरली आहेत, हेही प्रवाशाने डोळ्यांनी पाहावे.

देवरायांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. देवाच्या नावाने राखलेल्या या राया, जेथे वाळलेली काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही, सह्याद्रीत ठिकठिकाणी आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीत त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा शहरातील सुशिक्षितांस त्यांचे मोल प्रथम कळले. गावकऱ्यांस ते आधीपासून ठाऊक होते. रायीतून निघणारा झरा चैत्र-वैशाखातही आटत नाही आणि खालची विहीर त्यावर भरते, यापेक्षा अधिक पुरावा त्यांना लागत नव्हता. देवळाचा जीर्णोद्धार सिमेंटने करण्यासाठी रायीतील झाडे तोडण्याची जी नवी रीत पडत आहे, ती मला फार क्लेश देते. देव पत्र्याखाली आणि फरशीवर आला, आणि त्याची सावली गेली.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला, त्यांत राजगड आहे. दुसऱ्या दिवशी १२ जुलै होता. त्या सकाळी मी ओंकारेश्वराच्या घाटावर नेहमीप्रमाणे गेलो. नदी दुथडी नव्हती, परंतु गढूळ होती. राजगडाच्या या सन्मानाने आनंद झाला. त्याचबरोबर वारशाच्या पाट्या, मोटारतळ आणि उपाहारगृहे यांच्या योजनांत गुंजवणे आणि पाली येथील कुणब्याची जमीन, त्याची वाट आणि त्याचे म्हणणे यांना स्थान असावे, अशी चिंताही वाटली, आणि या चिंतेनेच ग्रंथाचे काम संपविण्याचा जो संकल्प लांबत चालला होता तो एकदाचा तडीस गेला.

ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या नकाशाविषयी थोडे सांगावयाचे राहिले. त्याचा मसुदा घेऊन आम्ही पानशेतच्या वरच्या अंगास एका वाडीत गेलो, तेथील वृद्ध मंडळींनी ओढ्यांची आणि खिंडींची नावे तपासून द्यावीत, या हेतूने. चावडीच्या ओट्यावर नकाशा पसरला. एका बाबांनी बराच वेळ तो उलटसुलट न्याहाळला, मग जलाशयाच्या निळ्या रंगाच्या अगदी मधोमध बोट ठेवले आणि म्हणाले, "हितं आमची खाचरं व्हती. ह्ये नाव का न्हाई लिवलं?" आम्ही सांगितले की, तेथे आता पाणी आहे. ते म्हणाले, "पाण्याखाली नाव भिजतंया व्हय?" त्यांनी, आणि मग भोवतालच्या इतरांनी, शेतांची, वस्त्यांची, एका पिंपळाच्या पाराची, एका उताराची अशी नावे एकामागून एक सांगितली, आम्ही ती लिहून घेतली. नकाशात निळ्या रंगावर ती बारीक अक्षरांत छापली आहेत.

शनिवार पेठ, पुणे